माळावरची सावली

१७ मार्च
पाच माणसं. अख्ख्या ढोलेवस्तीतून पाच! त्यातला एक नुसता पंख्याखाली पडायला आला होता. शाळेच्या भिंतीवर धाविक या माळावरच्या पाखराचे फोटो दाखवले, चार वर्षांचं संशोधन तासाभरात ओतलं. शेवटी सरपंच नानासोंनी विचारलं, "ह्येला खात्यात का?" नाही. "गातंय?" नाही. "मग राखायचं कशापायी?"
वस्तीनं माळ राखायचा ठराव केला नाही तर हा माळ सोलरवाल्यांच्या घशात जाणार. आटपाडीच्या या बाजूला धाविक उरलाय तो इथंच. आणि मी फोटो दाखवत बसलेय.

६ एप्रिल
घरटं सापडलं! घरटं म्हणायचं आपलं — उघड्या जमिनीवर, मेंढरांच्या लेंड्यांत दोन अंडी. काडी नाही, खळगा नाही. पाय पडला असता तरी कळलं नसतं.
दुपारी लांब बसून दुर्बिणीतून बघितलं. नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर उभी राहतात. बसत नाहीत, उभी. पंख सैल सोडलेले, चोच उघडी, अंगाची सावली अंड्यांवर. ऊन असं की माझी पाण्याची बाटली हातात धरवेना. कुंडलला फोन करून आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू जेवलीस का?"

२० एप्रिल
बिरोबाची जत्रा. दोन कुस्त्यांच्या मधे नानासोंनी पाच मिनिटं माइक दिला. पाठ केलेलं सगळं विसरले आणि जे बघितलं तेच सांगितलं — ती उभी राहते, तिची सावली. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. बायकांच्या घोळक्यात धोंडुबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. त्यांचा लेक अमृत तीन वर्षांपूर्वी गेला. खंडाळ्याजवळ मेंढरं रस्त्यापलीकडं घालताना ट्रकनं उडवला.
रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोप लागेल.

२४ एप्रिल
ठराव झाला!! माळ पाखरांचा. सोलरवाले परत गेले. नानासोंनी माझा हात धरून सांगितलं, "बाई, तुमी काळजी करू नगा. त्या पाखराला आता सावली कमी पडू देत न्हाई आमी."
मी हसले. नेमकं काय म्हणायचंय ते कळलं नाही मला.

३ मे
झाडं लावणार आहेत. अख्ख्या माळावर. दर घरामागं एक झाड, ज्याच्या त्याच्या गेलेल्या माणसाच्या नावानं.
नानासोंकडे धावत गेले. म्हटलं, याला झाड नकोच असतं, उघडा माळच लागतो. झाड आलं की कावळा येऊन बसतो, वरून त्याला अंडी दिसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उन्हात मरत्यात म्हनून तुमीच रडवलं आमाला. आता झाड नगं? अशी पाखराची बाई पयल्यांदाच बघतोय."
बरोबर आहे त्यांचं. मीच रडवलं.

४ मे
वन खात्याच्या कार्यालयात गेले. साहेबांनी वृक्षारोपणाचं अभिनंदन केलं. चहा पाजला.

१९ मे
जेसीबी आला. खड्ड्यांच्या रांगा, एखाद्या शाळेच्या कवायतीसारख्या सरळ. एप्रिलअखेर अंड्यांतून निघालेली पिल्लं कुठं गेली माहीत नाही. दिवसभर हिंडले. एकही दिसलं नाही.

२ जून
नाही.

११ जून
नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, दुसरी जागा शोध. कुठली? पूर्वेला द्राक्षं, पश्चिमेला ऊस. मला या कामाचा वीट आलाय. स्वतःचाही.

५ जुलै
लावली झाडं. हलगी, फेटे, पेढे. पहिलं खोरं माझ्या हातात दिलं. नाही म्हणता आलं नाही. धोंडुबाईंनी अमृतच्या नावाचा लिंब आणला होता, लेकराला काखेत घ्यावं तसा. खड्ड्यात ठेवताना म्हणाल्या, "आवं बाई, तुमच्यामुळं त्येला जागा मिळाली." मी माती लोटली. माझ्या हातानं लोटली.

१८ जुलै
एक जोडी परत आली! पाऊस हुलकावण्या देतोय, माळ तसाच तापलेला. अमृतच्या झाडापासून चार पावलांवर दोन अंडी. ती उभी आहे. मला आनंद व्हायला हवा. होत नाहीये. झाडाभोवतीची जाळी छातीएवढी उंच आहे.

२२ जुलै
संपलं.
धोंडुबाई झाडाला पाणी घालायला आल्या होत्या. मी त्यांना दुर्बीण दिली, पाखरू दाखवलं. हरखल्या. "खरंच उभी हाय की गं." तेवढ्यात कावळा आला आणि जाळीवर बसला. आम्ही ओरडलो, धावलो, त्यांनी दगड मारला. मादी त्याच्या अंगावर धावून गेली, तशी अंडी उघडी पडली. दुसऱ्या कावळ्यानं दोन्ही फोडली.
धोंडुबाई जाळीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "अमृतच्या झाडावर बसून खाल्लं व्हय."
कळशी तिथंच टाकून त्या घरी गेल्या.

२३ जुलै
सामान बांधलं. उद्या सकाळच्या एसटीनं कुंडल. दुर्बीण आईच्या कपाटात ठेवून देईन.

२४ जुलै
एसटीला जाताना माळावरून गेले, शेवटचं म्हणून. अमृतचं झाड जागेवर नाही. जाळीही नाही. खड्डा बुजवून जमीन सारखी केलेली आणि वर लेंड्या पसरलेल्या. पलीकडं धोंडुबाई पाटीतल्या उरलेल्या लेंड्या हातानं विसकटत होत्या.
"दारात लावला त्येला," मान वर न करता म्हणाल्या. "तितं मी हाय सावलीला. हितं ती उभी ऱ्हाऊ दे." मग माझ्या पिशवीकडं बघून — "तुमी कुटं निघाला? नानासोच्या आईच्या झाडाचा खड्डा ह्यो शेजारचा. त्येला बी बोलवलंय मी, झाड काढायला."
एसटी गेली.