पावसाळ्यात वजन वाढलेल्या दगडाबाबत

प्रति,
मा. वर्गीकरण अधिकारी,
दुर्मिळ खनिज नमुना कक्ष,
पुणे शहर.

विषय : माझ्या ताब्यात दिलेला दगड परत घेऊन मला कोल्हापूरला जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) माझाच वर्गीकरणासाठीचा अर्ज, जो मी करायला नको होता.
२) आपला पंचनामा व सुपुर्तनामा.
३) आपल्या दोन खुलासा-नोटिसा.

महोदय,

१. मी सदाशिव पेठेत राहते. भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वाघोलीच्या खाणीत निघालेला एक मोठा दगड खाणमालक जयसिंगराव यांनी मला निवृत्तीच्या वेळी भेट दिला. खाली पांढरा झिओलाइट आणि त्यावर कॅव्हनसाइटचे गडद निळे गुच्छ, असा तो आहे. हे निळे खनिज जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. माझी मुलगी अपूर्वा पहिल्या बाळंतपणाला कोल्हापूरहून माहेरी येणार होती. तिच्यासाठी खोली रिकामी करावी व दगड महाविद्यालयाच्या संग्रहाला द्यावा, असे ठरवले. महाविद्यालयाने वर्गीकरणाचा दाखला मागितला, म्हणून आपल्याकडे अर्ज केला. शेजारी म्हणाले होते, टेम्पो बोलवा आणि गुपचूप पोचवा. पण आम्हाला सगळे विचारून आणि लेखी करायची खोड.

२. उत्तरादाखल ऐन मे महिन्यात आपले पथक घरी आले. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा काटा मागवून दगडाचे वजन झाले. फडक्यात बांधून त्यावर लाख लावली आणि खोलीलाही सील ठोकले. गॅलरीतून पाहणी करता यावी म्हणून खिडकी मात्र उघडी ठेवण्याचा आदेश दिला. वर्ग ठरेपर्यंत दगड शासनाचा आणि सांभाळायची मी, व तोवर मी पुणे शहर सोडायचे नाही, असा सुपुर्तनामा झाला. आपले लिपिक श्री. दत्तप्रसाद म्हणाले की आठवड्याभराचे काम आहे. मी सही केली.

३. जुलैत फेरतपासणी झाली. लाख शाबूत होती, पण दगड पाऊण किलोने जास्त भरला. त्यावर पहिली नोटीस आली, की सुपुर्तदाराने मुद्देमालात भर घातली. मी खुलासा दिला, की लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या या खनिजांच्या रचनेत बारीक बोगदे असतात व त्यांत पाणी असते. दगडातला पांढरा भाग लॉमोन्टाइट जातीचा झिओलाइट आहे. तो उन्हाळ्यात थोडे पाणी सोडतो व दमट हवेत परत घेतो. शिवाय खिडकी आपल्याच आदेशाने उघडी आहे. त्यावर दुसरी नोटीस आली, की मुद्देमालास विनापरवानगी पाणी का पाजले.

४. वर्गाचे म्हणाल, तर आपल्या प्रपत्रात दोनच चौकटी आहेत, 'झिओलाइट' आणि 'झिओलाइट नाही'. एका वस्तूला एकच खूण करायची. पांढरा भाग झिओलाइट आहे. निळ्यातही पाणी आहे, पण त्याची रचना थरांची आहे, म्हणून काटेकोरपणे तो झिओलाइट नव्हे. एका घरात राहतात म्हणून आडनाव एक होत नाही. मी 'आहे' लिहिले तर जन्मभर शिकवले ते खोटे, आणि 'नाही' लिहिले तर पाण्याचा खुलासा फेटाळला जाणार. दोन्ही चौकटींत निम्मी-निम्मी खूण केली, तर प्रपत्र 'खाडाखोड' म्हणून परत आले.

५. दरम्यान डॉक्टरांनी अपूर्वाला अंथरुणातून उठायला बंदी केली आहे. ती आता पुण्याला येऊ शकत नाही. तिच्या सासूबाई हयात नाहीत. जावई श्री. आमोद नोकरी सांभाळून खिचडी करतात व फोनवर मला हिंग किती घालू म्हणून विचारतात. अपूर्वा मात्र कधी येतेस असे विचारत नाही. ती फक्त म्हणते, आई, तुझा दगड बरा आहे ना? महोदय, मला त्या वेळी फार वाईट वाटते. मी बंद खोलीच्या दाराशी बसते, कारण आत तिच्यासाठी घातलेली गादी आहे आणि तिच्यापर्यंतही मला जाता येत नाही.

६. परवानगीसाठी विनंती केली असता, चौकशी चालू असलेल्या सुपुर्तदारास शहर सोडता येत नाही, असे कळवण्यात आले. चौकशी वजनाची आहे. वजन उन्हाळ्यापर्यंत आपोआप उतरेल, आणि तेव्हा तिसरी नोटीस चोरीची येईल. हवा फारच कोरडी झाली तर पांढरा भाग भुगा होऊन निळे गुच्छ गळून पडतील व चौथी नोटीस नासधुशीची येईल. दगडाने दगडासारखे वागायचे आणि दर ऋतूला गुन्हेगार मी ठरायचे, हे मला यापुढे जमणार नाही.

७. काल संध्याकाळी आमोदचा फोन आला. अपूर्वाला दवाखान्यात दाखल केले आहे. तरी मी सुपुर्तनाम्यातील अट मोडत असून ते लेखी कळवत आहे. हा अर्ज आपल्या आवक खिडकीवर देऊन मी थेट स्वारगेटला जाईन. दगड जागेवर आहे, सील शाबूत आहे, खिडकी उघडी आहे. त्याला कोणी तरी सांभाळायचे असेल तर आपण या. नोटिसा कोल्हापूरच्या पत्त्यावर पाठवाव्यात. बाळाला अंघोळ घालून झाली की वाचीन.

आपली नम्र व आजपर्यंतची सुपुर्तदार,
सरोजिनी अनंत खांबेटे
पुणे, दि. २१ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) सुपुर्तनाम्याची प्रत.
२) दवाखान्याचा पत्ता.
३) घराची किल्ली. पोच लगेच द्यावी, रिक्षा खाली थांबली आहे.