शरणु करणारं झाड

सोलापूर,
६ एप्रिल २०२४

तीर्थरूप आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून पुन्हा कागद. तुमचे जावईबापू सिद्धलिंग हसतात, म्हणतात की सांगोला काय परदेशात आहे का. हसू देत.

काम अडलंय. सासूबाई नणंदेच्या, भुवनेश्वरीच्या, दुसऱ्या बाळंतपणासाठी धारवाडला गेल्या आहेत. जाताना किल्ल्या, कपाट, कशाबद्दल काही बोलल्या नाहीत. फक्त हॉलमधल्या कुंडीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या की हिला रोज सकाळी पाणी घाल. लग्नाला दीड वर्ष झालं, पण त्यांनी मला काही सोपवलं ते हे पहिलंच.

झाडाचं नाव कॅलाथिया. रुंद पानं, वरून हिरव्या रेघा, खालून जांभळी. सासऱ्यांनी बंगळूरहून रात्रभर मांडीवर धरून आणलेलं, आणि दोन महिन्यांत ते गेले. संध्याकाळी त्याची पानं उभी राहून जवळ येतात, हात जोडल्यासारखी. या घरात नमस्काराला शरणु म्हणतात, म्हणून सासूबाई सांगतात की झाड शरणु करतं. गेले पंधरा दिवस ते करत नाहीये. पानं कडेनं आत वळतात, टोकं करपतात. मातीवर त्यांच्या पूजेतली विभूती सांडलेली दिसते, तिला मी हात लावलेला नाही.

एक पान पाकिटात ठेवलंय. सासूबाई २५ मेला येणार. त्यांच्या नवऱ्याची शेवटची वस्तू माझ्या हातून गेली, तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? त्यांना मात्र काही कळवू नका.

आजीला नमस्कार. उत्तराची वाट बघतेय.

आपली,
ऋतुजा

*

सांगोला,
१२ एप्रिल २०२४

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पान मिळालं. भिंगाखाली धरून पाहिलं. कोळी नाही, मावा नाही, कसलीच कीड नाही. बिडीसारखं वळलं होतं आणि बोट लावताच चुरा झाला. रोग माझ्या ध्यानात आला. शहरातली माणसं झाडाला चहा पाजल्यासारखं तासातासाला पाणी पाजतात. तुझं झाड लाडावलंय.

आपल्या बागेला सध्या मृग बहारासाठी ताण दिलाय. महिना झाला, थेंब नाही. डाळिंबाला असं उपाशी ठेवलं की ते पानं टाकतं, आणि पुढं पाणी सोडलं की फुटून येतं. तीस वर्षं हेच करतोय. तूही पंधरा दिवस पाणी तोड आणि खिडकीत चांगलं ऊन दे. बघ कसं फुटतं ते.

तुझी आजी म्हणते की ते काय डाळिंब हाय व्हय, सगळ्यांना एकच औषध देताय. बजाबाईला बागेतलं काय कळतंय! तू मी सांगतो तसं कर.

जावईबापूंना आशीर्वाद. उन्हाचं डोक्याला पदर घेऊन जात जा, तुझ्या नोकरीच्या बँकेत काय एसी असेल, रस्त्यात नाही.

तुझा,
हिंदुराव आजोबा

*

सोलापूर,
२८ एप्रिल २०२४

तीर्थरूप आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

बारा दिवस पाणी तोडलं, पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं. आजोबा, झाड संपत आलंय. एकूण एक पान सुरळी होऊन लोंबतंय. काल न राहवून आधी रोज घालायचे तेच बोअरचं पाणी बादलीभर ओतलं, तर ते तसंच खाली वाहून गेलं. महापालिकेच्या नळाचं गोडं पाणी पाच दिवसांनी येतं, ते प्यायला पुरवतो.

सासूबाईंनी फोटो मागितला. मी मार्चमधला जुना पाठवला. त्यांनी पाहिला आणि काहीच लिहिलं नाही. आजोबा, मी या घरात आजवर खोटं बोलले नव्हते. सिद्धलिंग म्हणतात, अम्माला सरळ सांगून टाक. पण त्या रागावल्या तर एक वेळ बरं, त्या रागावतच नाहीत. गप्प बसतात. मी मराठ्यांची, त्या लिंगायत. लग्नाला हो म्हणाल्या तेव्हाही एवढंच बोलल्या होत्या की मुलाची इच्छा. त्यांच्या मनात काय आहे हे मला अजून ठाऊक नाही.

तुमच्यावर राग नाही. थोडा आहे. पण लवकर लिहा.

आपली,
ऋतुजा

*

सांगोला,
३ मे २०२४

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, चूक माझी. पूर्ण माझी. पाकिटात तीन दिवस प्रवास केलेलं पान वाळणार नाही तर काय होईल? ते पाहून मी निदान केलं. आता ऐक, मला कसं कळलं.

आजी आठवडाभर वैरागला लेकीकडे गेली होती. मी अंघोळीला विहिरीच्या मोटारीवर जायचो, त्यामुळं न्हाणीचं पाणी बंद. त्या सांडपाण्यावर वाढलेल्या कर्दळीनं सगळी पानं गुंडाळून घेतली. आजी आली, तिनं न्हाणीत कपडे धुतले, आणि दुसऱ्या दिवशी कर्दळ पुन्हा सपाट. कर्दळ पान वळवते ती असलेलं पाणी राखायला. तुझं झाड तिच्याच जातीचं दिसतंय, सावलीतलं, ओलाव्यातलं. आणि मी त्याला सांगोल्याचं ऊन दिलं.

आणि ती विभूती नव्हे गं. आमच्या ठिबकच्या तोंडाशी बसतात तसे ते क्षार आहेत, बोअरच्या पाण्याचे. मुळं त्यानंच करपली. वरचा पांढरा थर काढून टाक. पिण्याचं पाणी परातीत घे, कुंडी तासभर त्यात ठेव, माती खालून पिऊ दे. मग वरूनही दोनदा ताजं पिण्याचं पाणी घालून निथळू दे. वाळलेली पानं काप. खिडकीपासून काढून न्हाणीघराच्या उजेडाच्या कोपऱ्यात ठेव, खाली ताटलीत ओले खडे. पुढं बोट खुपसून माती पाहा, कोरडी लागली तरच पाणी. जुनं वळलेलं पान सरळ होईलच असं नाही, नव्या कोंबाकडे बघ.

आणखी एक. मी तुझ्या सासूबाईंना, हेमावतीबाईंना, पत्र टाकलं. तू नको म्हणाली होतीस, तरी टाकलं. पोरीनं झाड वाळवलं नाही, या म्हाताऱ्यानं वाळवलं, असं लिहिलं. तुझ्यावर येऊ नये म्हणून. मला शिव्या देऊन घे.

आजी हसतेय. तिला हसायचा हक्क आहे.

तुझा चुकलेला,
हिंदुराव आजोबा

*

सोलापूर,
१७ मे २०२४

तीर्थरूप आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग परात काढली. आता न्हाणीघरात आम्ही अंघोळ करतो ती झाडाची परवानगी घेऊन. सिद्धलिंग आत जाताना त्याला सरक म्हणतात.

अकरा पानांतली चार उरली. त्यातली दोन उघडलीत. आणि आजोबा, मधोमध एक कोंब आलाय, घट्ट गुंडाळलेला. आधी वाटलं की हेही वळलं. मग कळलं, नवं पान असंच जन्मतं.

पण सासूबाईंचा फोन नाही. तुमचं पत्र त्यांना मिळून आठवडा तरी झाला असेल. तुम्ही का लिहिलंत हो? मी सांगितलं असतं, हिंमत गोळा करत होते. अजून शरणुही केलेलं नाही झाडानं.

आजीला सांगा, पुढचं पान आता तिलाच पाठवणार.

आपली,
ऋतुजा

*

धारवाड,
१८ मे २०२४

चि. ऋतुजा,
शरणु शरणार्थी. अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांचं पत्र आलं. सहा पानं, त्यातली चार डाळिंबावर. फोनवर मला मनातलं बोलता येत नाही, हे तू पाहिलंच आहेस. त्यांचं पत्र वाचून वाटलं, आपणही लिहावं. भुवनेश्वरीचं बाळ आता रात्री झोपतं, त्यामुळे वेळ मिळाला.

फोटो जुना आहे हे मला तेव्हाच कळलं. मागच्या कॅलेंडरवर मार्च होता. मी काही म्हटलं नाही, कारण तू किती घाबरली असशील ते मला दिसलं. पण माझ्या गप्प बसण्यानं तू जास्त घाबरलीस, हे आजोबांनी लिहिलं तेव्हा समजलं.

चूक तुझी नाही, त्यांचीही नाही. मी रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेचं वाटीभर पाणी त्या कुंडीत घालते. ते पिण्याच्या पाण्यातलंच असतं. तुला मी नुसतं पाणी घाल म्हटलं, कुठलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की सासू आपली पूजा माझ्या गळ्यात घालतेय. तू तुझ्या घरचे देव घेऊन आलीस, त्यांना धक्का लागू नये म्हणून मी जपून राहिले. इतकी जपून राहिले की तुला ते परकेपण वाटलं. माझं चुकलं.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तुझे सासरे रोज संध्याकाळी कामावरून आले की दारातून मला शरणु म्हणायचे. थट्टेनंच, पण एकही दिवस चुकला नाही. ते गेल्यावर त्या वेळेला घर फार सुनं व्हायचं. मग झाडाची पानं उभी राहायची आणि मी त्याला शरणु म्हणायचे. म्हणून ती कुंडी तुला सोपवली. किल्ल्या काय, कुणालाही देता येतात.

झाड दोन पानांचं झालं तरी चालेल, एका पानाचं झालं तरी चालेल. वाढलं की मुळातून वेगळं करून एक कुंडी सांगोल्याला देऊ. बजाबाईंच्या हातात द्यायची, आजोबांच्या नाही.

शनिवारी येते. गाडी संध्याकाळी पोचते, शरणुच्या वेळेपर्यंत मी घरी पोचणार नाही. न्हाणीघरात स्टूल टाकून बस. आणि पानं उभी राहिली, तर माझ्या वतीनं तू शरणु म्हण.

तुझी,
अम्मा