संत एर्वेचं निशाण

४ जून
"निशाणाला हात लावू नका," पुरातत्त्व खात्यातली बाई म्हणाली. मला! लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून चर्चच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. तिचं म्हणणं, मखमल विरली आहे, संत एर्वेच्या लांडग्याचं जरीकाम सुटतं आहे. आता हे काचेच्या कपाटात राहील आणि पार्दोंच्या, म्हणजे संताच्या जत्रेच्या, मिरवणुकीला नवं शिवून मिळेल. दरवर्षी निशाण धरणारा माझा नवरा गुल्वेन नुसता टोपी गुडघ्यावर आपटत राहिला.

मी मनात हुश्श केलं. त्या बाईला बोलावलं कोणी? मीच! हिवाळ्यापासून नवऱ्याचा उजवा खांदा निखळतोय, सायडरचा जगसुद्धा उचलवत नाही. आणि निशाण वासराएवढं जड. चर्चच्या दारातून ते आडवं करून आत न्यायचं, पण भुईला टेकू द्यायचं नाही. टेकलं तर धरणारा वर्षभरात जातो. हसणारे हसोत, मी हसत नाही.

५ जून
झोप नाही.

२१ जून
कपाट आलं. त्याची किल्ली माझ्याच जुडग्यात. नणंद नाइग काचेला नाक लावून उभी राहिली. "दादाला जिवंतपणी पेटीत घातलं गं कुणीतरी." आणि माझ्याकडे बघितलं. मी मेणबत्त्या खरवडत बसले.

१३ जुलै
पार्दों झाली. झाली म्हणायचं!

गुल्वेनने नेहमीसारखा काठी खोवायचा चामडी पट्टा कमरेला बांधला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून काठी उचलली. पण नव्या निशाणाला वजनच नाही! ते उसळलं, कमानीतल्या दगडी प्रेषितावर आदळलं आणि कापड गुल्वेनच्याच डोक्यावर आलं. शेजारच्या गावचा निशाणवाला ओरडला, "काय रे, बायकोचा एप्रन वाळत घालतोस?" सगळे हसले. गुल्वेनही हसला. तेच मला सहन होत नाही.

१४ जुलै
जेवला नाही.

१७ जुलै
आजही सूपला हात लावला नाही. अंगणात बसून पट्ट्याला चरबी चोळतोय. कशासाठी? शेवटी मी सांगून टाकलं — त्या बाईला मी बोलावलं.

"माहीत आहे. गावात पाय ठेवल्या ठेवल्या तिने तुझंच घर विचारलं." चोळणं थांबलं नाही. मग म्हणाला, "मरायला मी भीत नव्हतो. तू भीत होतीस. मग मला तसं सांगायचं होतंस."

दिवसभर घरात येरझारा घालतेय. भांडी दोनदा घासली.

१८ जुलै
सकाळी पट्टा त्याच्यापुढे टाकला, म्हटलं चल. कपाट मी उघडलं. चर्चमध्ये आम्ही दोघंच. जुनं निशाण त्याने दारातून बाहेर नेलं. परत आत आणताना त्याचा खांदा सुटला — काठी मी धरली. टेकली नाही.

संध्याकाळी चांभाराकडे जायचंय. दुसरा पट्टा, माझ्या मापाचा.