बुधीबाईचे बाळंतपण

धुळे, ता. ६ जानेवारी १९४६

चि. गं. भा. कमल हीस तोतारामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. जळगावला थंडी फार आहे असे लिहिलेस. तुझ्या लेकराला, सुंदरला, माझा निरोप दे, की तुझ्या आईला पहाटे अंघोळीला बसू देऊ नकोस. आई ऐकायची नाही, तरी सांग.

माझे म्हणशील तर कुठे बैठक लागत नाही. हात थरथरतो म्हणून दिवाळीला दवाखाना बंद केला, पण सकाळ झाली की पाय तिकडेच वळतात. कुलूप काढतो, बाटल्या पुसतो, परत येतो. तुझी वहिनी म्हणते, फेऱ्या मारून मारून अंगण झिजवलेत.

पुढच्या महिन्यात गावची मंडळी माझा सत्कार करणार आहेत. त्याचे भाषण लिहितो आहे. मुंबईची पाच वर्षे लिहून झाली. ‘आहे’ म्हणताना माझ्या तोंडून अहिराणी ‘शे’ निघाले की वर्गात हशा पिकायचा, तेही लिहिले. तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारले होते, मूल आडवे आहे, एक हात बाहेर आला आहे, काय कराल? मी एका दमात उत्तर दिले: मूल जिवंत असेल तर पाय शोधून फिरवायचे, गेले असेल तर लोखंडी आकडी लावून कापून काढायचे. त्या विषयात मी पहिला आलो. तोवर असले मूल मी फक्त काचेच्या बरणीत पाहिले होते.

पुढे १९१९ साली शिरपूरपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ठाकऱ्या नावाच्या माणसाची बायको बुधीबाई तशीच अडली. तू एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माझ्याकडे आलीस, तेव्हापासून माझ्याबरोबर बाळंतपणांना यायचीस. पुरुष आत नको असे घरचे म्हणाले, म्हणून मी कुडाबाहेर उभा राहिलो आणि तू आत गेलीस. मी सांगत गेलो, पाय शोध, फिरव. तू केलेस आणि दोघेही वाचले. हाच प्रसंग भाषणाच्या शेवटी घेतो आहे. ‘माझी बहीण मदतीला होती’ असे तुझेही नाव येईल. तारीख आठवत असेल तर कळव.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तोताराम

जळगाव, ता. १५ जानेवारी १९४६

ती. नानांच्या चरणी कमलचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडले. तारीख आठवत नाही. होळीच्या आधीचे दिवस होते एवढे खरे.

नाना, तुम्ही मूल फिरवायला सांगितले नव्हते. सकाळपासून पोटात हालचाल नाही असे बायका म्हणाल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, मूल गेले, आता आईला वाचवू. कुडाच्या फटीतून तुम्ही मला आकडी दिलीत आणि कुठे लावायची ते सांगितलेत. तुम्हाला दोष देत नाही. आत येऊ दिले नाही, तर माणूस आणखी काय सांगणार?

बाहेर आलेला हात निळा पडला होता. तो बाजूला घ्यायला मी बोट लावले, तर त्याने बोट धरल्यासारखे वाटले. तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही विचारले असते, खात्री आहे का? खात्री नव्हती. मी आकडी खाली गवतावर ठेवली आणि चिंध्यांच्या बाहुलीवर तुम्ही शिकवले होते तसे पाय शोधले. मूल रडले तेव्हा तुम्ही बाहेरून विचारलेत, फिरले का? मी हो म्हटले. बोलणे तेवढेच झाले. दोन-तीन वर्षांत तुम्ही ही हकिगत आजच्यासारखी सांगू लागलात. मला वाटले, सांगू देत, काय बिघडते?

पण तुमचे पत्र वाचले आणि लिहायला बसले. ‘मदतीला होती’ याचे वाईट वाटले नाही असे लिहिले, तर तेही खोटे होईल.

रागवा, पण गप्प बसू नका.
तुमची धाकटी कमल

जळगाव, ता. २ फेब्रुवारी १९४६

ती. नानांना कमलचा शि. सा. न.

उत्तर नाही. वहिनीने लिहिले की तुम्ही कुणाला न सांगता शिरपूरच्या मोटारीत बसलात. या वयात कुठे निघालात? पोचल्याच्या दोन ओळी तरी लिहा.
कमल

शिरपूर, ता. ४ फेब्रुवारी १९४६

चि. कमल हीस आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावर दोन दिवस मी घरात म्हणत होतो, कमल म्हातारी झाली, काहीतरीच आठवते. मग जुनी नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात आहे: ‘मूल मृत. आकडी दिली.’ ते खोडून खाली ‘मूल जिवंत’. मधले काहीच नाही. मधले मी नंतर मनाने भरले, आणि भरले हेही विसरलो.

मग राहवेना. इथून बैलगाडीने ठाकऱ्याकडे गेलो. मी डॉक्टर म्हणून सांगितले तर ओळख पटेना. बाळंतपण करणाऱ्या त्या बाईंचा भाऊ म्हटल्यावर लगेच खाट टाकली. बुधीबाई अजून धडधाकट आहे. त्या दिवशी कुणी डॉक्टर होता का विचारले, तर ठाकऱ्या म्हणाला, एक साहेब बाहेर मोहाखाली बशेल व्हता, भलता घाबरेल व्हता. ते खरेच होते, आकडी आत दिल्यावर मी तिथे जाऊन बसलो होतो. बुधीबाई म्हणाली, बाईंच्या हातातले लोखंड मला दिसत होते. त्यांनी ते खाली ठेवले, तेव्हाच मला कळले की माझे पोर आहे.

एवढ्यात त्यांचा मुलगा भुरा, तेव्हाचे तेच मूल, लाकडाची मोळी टाकून आला. दोन मुलांचा बाप आहे. त्याने मला हात जोडले. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, हातांकडेच पाहत राहिलो. त्यातला एक मी कापायला सांगितला होता.

कमल, तू तेव्हाच का नाही बोललीस, हे विचारणार होतो. आता विचारत नाही. माझ्याशी तसे बोलता आले असते असे मी कधी वागलो नाही.
तोताराम

धुळे, ता. १८ फेब्रुवारी १९४६

चि. कमल हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सत्कार काल झाला. लिहिलेले भाषण घरीच ठेवले आणि घडले ते उभ्याने सांगितले, नोंदवही वाचून दाखवली. एक डॉक्टर मित्र नंतर म्हणाले, एवढे सांगायची गरज नव्हती. शाल देणाऱ्यांनीही ती घाईघाईने पांघरून कार्यक्रम आटोपता घेतला.

माणसे पांगल्यावर बाळंतपणे करणाऱ्या दोन तरुण नर्सबाई पुढे आल्या. मी सावरून बसलो. बरेच काही सांगायचे मनात होते. त्यांनी फक्त तुझा पत्ता मागितला. मला काही विचारायचे आहे का, असे मीच विचारले. नाही म्हणाल्या.

त्या येत्या सोमवारी तुझ्याकडे येतील. त्यांना जेवू घाल, आणि विचारतील ते सगळे दाखव. माझ्या आणखी काही चुका तुला ठाऊक असतील, त्याही सांग. माझ्या नावासकट सांग.

तुझा
तोताराम