पाठमोरा सिव्हर्त

आस्कव्होल, ३ नोव्हेंबर १८२९

ती. एलर्टदादास,
गुनहिल्डचा शि. सा. न.

तुझं चित्र जहाजाने सुखरूप पोचलं. कड्यावर उभा, निळ्या टोपीतला तो पाठमोरा माणूस पाहिला मात्र, आई म्हणाली, हा आपला सिव्हर्त. तू शिकायला गेलास त्याच वर्षी आपल्या या धाकट्या भावाची नाव बुडाली, पण प्रेत कुठे मिळालं? तोच धागा धरून बसलीय. एलर्टला तो ड्रेस्डेनला भेटला, म्हणूनच त्याने काढला, असं शेजारणींना सांगते. काल सिव्हर्तचा लोकरीचा सदरा चुलीपाशी ऊब द्यायला टांगला. माझं लग्नही तो आल्याशिवाय नाही म्हणते.

तुझ्या गुरुजींकडे माणसांची तोंडं काढायला बंदी आहे का रे? चेष्टा राहू दे. मी सांगून थकले, तिला तुझंच पटेल. खरं काय ते लिही.

माया पातळ करू नकोस.
तुझी गुनहिल्ड

ड्रेस्डेन, १२ डिसेंबर १८२९

चि. गुनहिल्डला अ. आ.

पत्र वाचल्यापासून कुंचला धरवत नाही. गुरुजी म्हणतात, माणूस पाठमोरा असला की बघणारा त्याच्या जागी जाऊन उभा राहतो. मला ते पटलं, आणि सोयीचंही पडलं. मी सिव्हर्तच काढायला बसलो होतो गं. टोपी आठवली, खांदे आठवले. चेहरा काढला की माझाच उतरायचा. खरवडून पुन्हा काढला, पुन्हा मीच. शेवटी त्याला समुद्राकडे वळवला.

आईला एवढं वाचून दाखव: आई, सिव्हर्त मला भेटला नाही. तो बुडाला. मी नुसती त्याची आठवण काढली, तीही अर्धीच.

तू तिच्याजवळ बस. मला दूर लोटू नका.
तुझा दादा

आस्कव्होल, १९ जानेवारी १८३०

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र आईने दोनदा वाचायला लावलं. मग जेवेचना. मला धास्तीच बसली. रविवारी मात्र उठून पाद्रीबाबांकडे गेली, सिव्हर्तच्या नावाने घंटा वाजवायला सांगितली. त्याला कबर नाही, म्हणून आपल्या बाबांच्याच कबरीवरचं बर्फ हाताने सारून तिथे बसली आणि रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझं लग्न आता मे महिन्यात.

परतताना तिने तुला निरोप दिला, तसाच्या तसा लिहिते: "सिव्हर्तचा चेहरा मी सांगेन, त्याने काढावा. पण पत्रातून नाही, म्हणावं समोर येऊन बस. तुझाही विसरत चाललेय मी."

वाट पाहते,
गुनहिल्ड