दातांच्या गॅसवर गाडी

रवि. १६ एप्रिल ७८
दातांच्या डॉक्टर मेंगाणे बाईंनी आज सिलिंडर दिला. दात काढताना पेशंटला गुंगी आणतात तोच गॅस. इंजिनात सोडला की जादा पेट्रोल जळतं, गाडी उसळते. रद्दीतल्या इंग्रजी मासिकात वाचल्यापासून डोक्यात बसलंय. बाई म्हणाल्या, "एकच देते. मुंबईहून येतो, तोही चिठ्ठीवर. आणि हुंगायचा नाही." जरासा हुंगला. बराच वेळ हसत बसलो, गॅसमुळं की आनंदानं, कळेना.

बुध. १९
२१ मे, मोडनिंबपुढच्या सरळ रस्त्यावर मोटारींची शर्यत. पुण्याचे रानडे येणार. त्यांच्या तीन रेसच्या गाड्या आहेत. ज्या मेकॅनिकचं काम पसंत पडेल, त्याच्याकडं त्या कायमच्या कामाला येणार. मला मिळाल्या तर स्वतःचं गॅरेज. अकरा वर्षं दुसऱ्याच्या पाटीखाली पाने फिरवतोय, बास झालं. हौसेनं रानड्यांना पत्र टाकलं: माझी जुनी गाडी गॅसवर येणार.

रवि. ३०
कुंभारीच्या रस्त्याला पहिली चाचणी, भर दुपारी. स्टिअरिंगवर नरसय्या. माझा दोस्त, यंत्रमागावर असतो, पण गाडी माझ्यापेक्षा बरी हाकतो. वाल्व उघडला. आई शप्पथ, पाठ सीटला चिकटली. दहा सेकंद. मग खाड्‌कन आवाज, मागं निळा धूर. पिस्टनला भोक. सिलिंडर उन्हानं तापलेला, दाबाच्या गेजचा काटा पार टोकाला. गॅस जादा गेला, पेट्रोल होतं तेवढंच, आत आग भडकली. चूक माझीच. नरसय्या म्हणतो, "दहा सेकंद लई भारी होते की."

रवि. ७ मे
नवा पिस्टन, पेट्रोल जास्त जावं म्हणून कार्बोरेटरचं जेट मोठं केलं. तरी आज उलटंच. गॅस सोडला की गाडी गुदमरते, काळा धूर. मागं बघतो तर सिलिंडर ओल्या पोत्यात गुंडाळलेला. शांताचं काम.
"तुमीच म्हणला न्हवं का, तापला म्हणून? माठाला गुंडाळते तसं गुंडाळलं. चुकलं व्हय?"
गार झाला, दाब उतरला, गॅस कमी पडला, पेट्रोल जादा झालं. बायकोवर नको तेवढा ओरडलो. वाईट वाटतंय.

बुध. १०
शांता आपणहून म्हणाली, "लई तापला तरी न्हाय चालत, लई गार तरी न्हाय. मग बघून पाणी घालायचं की." एवढं साधं मला सुचू नये! गेजवर लाल खूण केली. जेट त्या खुणेवर जुळवलं.

रवि. १४
मागच्या सीटवर शांता, हातात तांब्या. काटा खुणेच्या वर गेला की पोत्यावर पाणी. गाडी काय सुटली! नरसय्या ओरडत होता, तेलुगूत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा वाल्व उघडला तर नुसतं फुस्स. संपला. खुशीत किती उरलाय ते मोजायचंच राहिलं. शर्यत सात दिवसांवर.

सोम. १५
मेंगाणे बाई दुसरा सिलिंडर द्यायला नाही म्हणाल्या. पेशंटच्या वाटचा गॅस गाडीला कसा देणार? बरोबर आहे त्यांचं. पण रानड्यांना पत्र गेलंय. आता कुठल्या तोंडानं…

शुक्र. १९
रानड्यांना ट्रंक कॉल. सगळं सांगून टाकलं. पिस्टन, पोतं, तांब्या, फुस्स. फोन ठेवतील वाटलं. पोटभर हसले. मग म्हणाले, "दाब कसा धरलात ते परत सांगा." ऑपरेटर मधे बोलली, वेळ वाढवून घेतला. शेवटी, "बिनगॅसची आणा. बघू."
दोन दिवस आहेत. सिलिंडर काढला, जेट परत लहान. गाडी हलकी झाली आणि, खरं सांगायचं तर, कधी नव्हे इतकी नीट वाजतेय.

रवि. २१, मोडनिंब
पुण्याच्या चार गाड्या, एकेक सोडून वेळ मोजणार. आमची सगळ्यात म्हातारी. रानडे आले, बॉनेट उघडायला लावलं, वाकून बघितलं. मग म्हणाले, "पाणी घालणाऱ्या बाई कुठं आहेत?"
शांता पदर सावरत पुढं झाली. "मीच."
"हात कधी थांबवायचा, कसं कळायचं?"
"काटा उतरून खुणंपाशी यायच्या आधीच थांबवायचा. मागनं बी जरा उतरतोच."
हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. रानड्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं, आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. होकार की कौतुक, देव जाणे.
चौथी गाडी सुटली. आता आमची. नरसय्यानं इंजिन चालू केलंय, शांता कान देऊन ऐकतेय.