घरच्या माणसाला जमणारं मशीन

शनिवार, ता. ९ मार्च

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण माझ्याइतके नाही.

तू डिझाइन केलेलं वॉशिंग मशीन कंपनीत अडकलंय आणि सोमवारी शेवटचा निर्णय आहे, हे तू फोनवर सांगितल्यापासून आईला घास गोड लागत नाही. एक गोष्ट तुला बोललो नव्हतो. कंपनीने पाच मेकॅनिकांकडे तपासायला मशिनं पाठवली, त्यातलं एक माझ्या दुकानात आलं होतं.

पोरी, वस्तू केलीस खरी. कुठे गोंद नाही, काही चिकटवलेलं नाही. पंप, मोटर, बोर्ड, सगळं खणासारखं बाहेर येतं. नवा बोर्ड निघाला की तेवढाच बदलायचा, जुना कंपनी परत घेऊन दुरुस्त करणार. स्क्रू सैल होतो, पण निसटून पडत नाही. माझं निम्मं आयुष्य फरशीवर ओणवं होऊन स्क्रू शोधण्यात गेलं, ते बघतच मोठी झालीस ना? पंप मी मुद्दाम उलटा बसवून पाहिला. गिऱ्हाईक करतं ते सगळे उपद्व्याप केले. बसेना. चाळीस वर्षांत कुठल्या मशीनने मला असं गप्प केलं नव्हतं.

मग आईला बोलावलं. "काही मोडलं तर मला बोलायचं नाही," म्हणत तिने अकरा मिनिटांत पंप बदलला. वर मला म्हणते, "एवढ्यासाठी लोक तुम्हाला बोलावतात होय?"

ते मला फार लागलं. उद्या दुकानात कोण येणार, या वयात मी दुसरं काय करणार, या विचाराने घाबरलो.

'घरच्या माणसाला हे झेपणार नाही' असा एका मेकॅनिकने शेरा मारला, म्हणून सगळं थांबलं, असं तू म्हणालीस. त्याला शिव्याही घातल्यास. मी नुसतं हं हं करत राहिलो. तो शेरा माझा. आईने पंप बदलला त्याच संध्याकाळी लिहिलेला.

शेरा खोटा होता, असं कंपनीला आज लिहून सही केलीय. नातंही सांगितलंय. आता ते म्हणतील, बाप लेकीची भलामण करतोय. म्हणून सोमवारी आई त्यांच्यासमोर पंप बदलणार आहे. तिला काल सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण बॅग भरलीय.

हे आणि कंपनीचं, दोन्ही पत्रं तिच्याच हाती देतोय. तिला सोडायला मी येईन, पण खाली कंपनीच्या फाटकाशी थांबेन. हाक मारलीस तरच वर येईन.

तुझ्या मशीनला नापास करणारा,
बाबा